नाताळचं झाड घरात कसं आलं?



आज मी तुम्हाला एका झाडाचा इतिहास सांगणार आहे. हे झाड आपल्या शेतात येत नाही, परसातही नाही. तरी डिसेंबर लागला की टीव्हीवर दिसतं, दुकानाच्या काचेत दिसतं, आणि पोरं शाळेतून येऊन म्हणतात, "आई, आपणपण लावू ना." ते म्हणजे नाताळचं झाड.

मी पेण आणि रोहा तालुक्यातल्या बचत गटांबरोबर काम करते. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर पेणजवळच्या एका गावात गटाची बैठक भरली होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले. मग एका ताईंनी पिशवीतून एक चिमणी काढून सतरंजीवर ठेवली. कागदाच्या लगद्याची, छान रंगवलेली, पाठीवर दोरीचा फास. ताईंचा भाऊ मुंबईत कामाला आहे. त्याच्या ओळखीच्या एका दुकानदाराला नाताळच्या झाडावर टांगायला अशा चिमण्या, घंटा आणि चांदण्या हव्या होत्या. सहाशे नग, सात रुपयांना एक.

आमच्या गटातल्या बहुतेक जणी गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातात. गणपती गेले की हात रिकामे. त्यामुळे काम आलं याचा आनंदच झाला. पण दोन हरकती निघाल्या.

पहिली एका मावशींची. त्या म्हणाल्या, "आपला सन नाय गो तो. आपुन कनाला करायचा?"

दुसरी एका तरुण सुनेची. ती म्हणाली, "सात रुपयांत परवडेल का? रात्री पोरांनाच बसवावं लागेल चिकटवायला."

मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला तेव्हा धड काही सांगता आलं नाही. पुढच्या बैठकीला वाचून येते म्हटलं. जे वाचलं आणि पाहिलं, ते आज तुम्हालाही सांगते.

नाताळ इथला जुना आहे, झाड नवीन आहे

सुरुवात आपल्या नदीपासून करू. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी एका बाजूला रेवदंडा, दुसऱ्या बाजूला कोर्लई. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. तेव्हा त्या भागाला चौल म्हणत. पुढे दोनशे वर्षांहून जास्त काळ ते तिथे होते. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आले आणि पोर्तुगीज गेले. पण इथले जे लोक ख्रिस्ती झाले होते, ते इथेच राहिले. कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांत आजही एक वेगळी बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण आपल्या मराठीसारखी.

'नाताळ' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचाच. त्यांच्या भाषेत 'नताल' म्हणजे ख्रिस्तजन्माचा सण. आपण रोज पगार म्हणतो, पाव म्हणतो, चावी म्हणतो, बादली म्हणतो, घमेलं म्हणतो. हे सगळे त्याच वाटेने आलेले शब्द. घमेलं उचलताना कुणी म्हणत नाही की हे आपलं नव्हे.

आता गंमत ऐका. पोर्तुगीजांनी नाताळ आणला, पण झाड आणलं नाही. कारण त्या काळात खुद्द पोर्तुगालमध्येच घरात झाड सजवायची पद्धत नव्हती. ती तिथे १९ व्या शतकात पोचली. म्हणजे चौलच्या चर्चमध्ये नाताळच्या घंटा वाजत होत्या, तेव्हा तिथल्या कुणाच्याही घरात झाड नव्हतं. होती ती गव्हाणी. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून गोठ्याचा देखावा मांडायचा. इटलीत संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये असा देखावा केला होता, तेव्हापासून ही पद्धत पसरली. कोकणात आणि गोव्यात अनेक ख्रिस्ती घरी या गोठ्याभोवती शेत दिसावं म्हणून आठ-दहा दिवस आधी ताटलीत नाचणी किंवा गहू रुजत घालतात. आपण नवरात्रात घटाला रुजवण घालतो, तसंच.

मी डिसेंबरमध्ये कोर्लईला गेले होते. दारात कागदाची चांदणी लटकत होती. बांबूच्या कामट्या, त्यावर रंगीत कागद, आत दिवा. आपला आकाशकंदीलच, फक्त पाच टोकांचा. एका घरात बादलीत वाळू भरून सुरूची फांदी उभी केली होती. आपल्या किनाऱ्यावर सुरूची झाडं भरपूर, आणि लांबून ती फांदी त्या थंड देशातल्या झाडासारखी दिसते. घरातल्या बाई नेवऱ्या तळत होत्या. म्हणाल्या, "माझ्या आजीच्या वेळी झाड नव्हतं. गोठा होता, आणि नेवऱ्या होत्या."

मग हे झाड आलं कुठून?

सफरचंदं, कागदाची फुलं आणि एक राणी

हे झाड जर्मनीकडचं. तिथे डिसेंबरात दिवस लहान, बाहेर बर्फ, सगळ्या झाडांची पानं गळलेली. एकच झाड हिरवं राहतं, सूचीपर्णी. पानं सुईसारखी, आकार वर निमुळता. २४ डिसेंबरला तिथे पहिल्या स्त्री-पुरुषाची, म्हणजे आदम आणि हव्वा यांची गोष्ट नाटक करून दाखवत. त्या नाटकातल्या बागेसाठी हिरवं झाड आणून त्याला सफरचंदं बांधत. पुढे ते झाड नाटकातून घरात आलं असं मानतात.

लेखी नोंद आहे ती स्ट्रासबुर्ग शहराची, १६०५ सालची. एका प्रवाशाने लिहून ठेवलंय की इथले लोक नाताळात बैठकीच्या खोलीत झाड उभं करतात आणि त्यावर रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ पापडीसारखे पदार्थ आणि साखरेचे तुकडे टांगतात. मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाने पहिल्यांदा झाडावर मेणबत्त्या लावल्या अशी गोष्ट सांगतात. ती गोड आहे, पण तिला त्या काळातला पुरावा नाही.

हे वाचताना मला आपली गुढी आठवली. काठीला कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी. आपल्या आगरी-कोळी गावांत होळीला झाड आणून, सजवून उभं करतात, तेही आठवलं. गौरीला तेरड्याची रोपं आणून त्यांनाच साडी नेसवतो, तेही. हिरवं काहीतरी घरी आणायचं, त्याला गोड काहीतरी बांधायचं, ही हौस माणसाला सगळीकडेच आहे.

तर हे झाड दोनशे वर्षं जर्मनीतच राहिलं. १८०० साली इंग्लंडच्या राणी शार्लट यांनी विंडसरच्या राजवाड्यात मुलांसाठी झाड सजवलं. त्यांचं माहेर जर्मनीतलं. माहेरची रीत सासरी नेली, एवढंच. पण ती राजवाड्यातच राहिली. पुढे राणी व्हिक्टोरिया यांचे पती अल्बर्ट हेही जर्मन. १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात चित्र छापून आलं: राणी, अल्बर्ट, मुलं आणि मध्ये टेबलावर सजवलेलं झाड. राणीच्या घरी आहे म्हटल्यावर सगळ्यांना हवं झालं.

आणि अमेरिकेत हे चित्र कुणी पोचवलं? एका बायकांच्या मासिकाने. 'गोडीज लेडीज बुक' त्याचं नाव. त्याच्या संपादक सारा हेल. नवरा लवकर गेला, पाच मुलं पदरात, आणि लेखणीवर घर चालवलेली बाई. १८५० मध्ये या मासिकाने तेच चित्र छापलं, पण राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा काढून टाकल्या. म्हणजे राजघराण्याचं चित्र साध्या अमेरिकन कुटुंबाचं झालं. वाचणाऱ्या बाईला वाटावं, हे तर माझ्याही घरी होईल. तसंच झालं.

म्हणजे मावशींचा प्रश्न लंडनच्या बाईलाही पडला असेल, न्यूयॉर्कच्याही. तिच्या आजीच्या घरात हे झाड नव्हतं. ख्रिस्ती असूनही तिच्यासाठी ते नवंच होतं.

काचेची सफरचंदं करणारं गाव

आता मला सांगायची होती ती खरी गोष्ट. झाड घराघरांत गेलं, तसे त्यावर टांगायला दागिने लागायला लागले. ते कुणी केले?

जर्मनीत थुरिंजिया नावाच्या डोंगराळ भागात लाउशा नावाचं गाव आहे. थंडी कडक, शेती थोडी. तिथे १५९७ मध्ये काचेची भट्टी सुरू झाली आणि पिढ्यानपिढ्या गाव काचेवर जगलं. मणी, बाटल्या, बाहुल्यांचे डोळे. इतकंच काय, अपघातात डोळा गेलेल्या माणसाला बसवायचा काचेचा डोळाही तिथल्या कारागिराने १८३५ मध्ये तयार केला. आपल्याकडे मूर्तीची आखणी करणारा हात जसा वेगळाच असतो, तसे ते हात.

गावात एक गोष्ट सांगतात. एका गरीब कारागिराला झाडावर टांगायला सफरचंदं आणि अक्रोड विकत घेणं जमेना, म्हणून त्याने ती काचेची फुंकली. गोष्ट खरी असो वा नसो, १८४८ च्या एका हिशोबवहीत नाताळच्या काचेच्या गोळ्यांची सहा डझनांची नोंद सापडते. मला त्या राणीच्या चित्रापेक्षा ही वही जास्त आवडली. आपल्या गटाच्या वहीसारखी.

१८६७ मध्ये गावात गॅस आला. चुलीसारखी धगधगणारी ज्योत जाऊन हवी तशी कमी-जास्त होणारी ज्योत मिळाली, त्यामुळे काच आणखी पातळ फुंकता येऊ लागली. काम घरातच चाले. पुरुष ज्योतीसमोर बसून नळी फुंकत. बायका गोळ्याच्या आत चांदीचं पाणी फिरवून तो चकाकवत, मग रंगवत. पोरं वरचं टोक कापून टोपण बसवत, खोक्यात भरत. हंगाम जवळ आला की रात्रीचा दिवस होई.

आणि विक्री? व्यापारी गावात नव्हते. ते खालच्या सोनेबर्ग शहरात. माल तिथे नेऊन द्यायचं काम बायकांचं. पाठीवर उंच टोपल्या बांधून, आत काच, डोंगर उतरून चालत जायचं. ठेच लागून चालणार नाही, नाहीतर घरादाराची मेहनत फुटली. व्यापारी सांगेल तो भाव घ्यायचा आणि परत डोंगर चढायचा.

अमेरिकेत फ्रँक वूलवर्थ नावाचा दुकानदार होता. पाच आणि दहा सेंटला वस्तू विकायचा. १८८० मध्ये एका दलालाने फार गळ घातली म्हणून त्याने २५ डॉलरचे हे गोळे घेतले. मनात नव्हतंच. दोन दिवसांत सगळे संपले. पुढे १८९० मध्ये तो स्वतः जर्मनीत माल घ्यायला गेला. त्याची दुकानं देशभर झाली, न्यूयॉर्कमध्ये उंच इमारत उभी राहिली. टोपली नेणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. १८८२ मध्ये एडिसनच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सन यांनी झाडावर पहिल्यांदा विजेचे दिवे लावले, लाल, पांढरे, निळे, मिळून ८०. मेणबत्त्यांनी सुक्या झाडाला आग लागून घरं जळत, ती भीती हळूहळू कमी झाली. झाडासाठी जंगलं तुटायला लागली तेव्हा जर्मनीतच हंसाची पिसं हिरवी रंगवून खोटी झाडं केली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि लाउशाचा अमेरिकेकडे जाणारा माल अडकला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ च्या सुमारास, अमेरिकेत विजेचे बल्ब करणाऱ्या यंत्रावरच नाताळचे गोळे निघायला लागले, दिवसाला लाखांनी. फुंकणाऱ्याचा हात त्याच्यापुढे किती पुरणार? तरी लाउशात आजही काही घरं हाताने काच फुंकतात. जे महाग, वेगळं आणि सुबक आहे, तेवढं टिकलं.

पेणला परत येऊ

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. टोपलीवाल्या बायकांपर्यंत आले तेव्हा हरकत घेतलेल्या मावशी म्हणाल्या, "वजान किती असंल गो टोपलीचा?" मावशींनी तरुणपणी डोक्यावर भाजी घेऊन पेणच्या बाजाराला पायी खेपा घातल्यात. त्यांना सणापेक्षा टोपली आधी कळली.

आपलंही तसंच आहे ना? गुजरातहून शाडू येते. हमरापूर, जोहे, कळवे इथल्या कारखान्यांत साच्यातून मूर्ती निघते. घासायला, रंगवायला बायका. ती मूर्ती मुंबई-पुण्याला जाते, परदेशातही जाते. पेणचे पोह्याचे पापड सगळीकडे नावाजलेले, ते लाटणाऱ्या हातांची नावं कुणाला माहीत आहेत? आणि लाउशाला जसं यंत्राने गाठलं, तसं आपल्याला नियमांनी गाठलं. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरं करणारे हात थांबले. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाचे पीओपीबाबतचे नियम आले, मग कोर्टाच्या तारखा. एकाच सणावर आणि एकाच मालावर वर्ष काढणं आता धोक्याचं आहे.

म्हणून आम्ही हिशोब मांडला. लगदा, डिंक, रंग, दोरी, खोकं धरून एका नगाला अडीच रुपये खर्च. एका बाईचे तासाला चार नग पूर्ण होतात. सात रुपयांत हातात राहतात साडेचार. तासाला अठरा रुपये. आठ तासांचे १४४. हे वाचून दाखवल्यावर खोलीत कुणी बोलेना. सात रुपये ऐकायला बरे वाटत होते.

दुकानदाराला फोन केला. आम्ही पंधरा मागितले, तो बराच वेळ नाही म्हणाला. शेवटी तेरा रुपये, पण सहाशे नाही, तीनशेच. आम्ही बैठकीत तीन गोष्टी कार्यवृत्तात लिहिल्या. काम दिवसा, एका जागी बसून करायचं. शाळेत जाणारं मूल कामाला बसणार नाही. आणि जिला हे काम करायचं नसेल, तिला कुणी बोल लावायचा नाही.

सगळं नीट झालं असं नाही. माझ्याकडूनच चूक झाली. लगदा वाळायला किती दिवस लागतील, ते मी धरलंच नव्हतं. थंडीत ओल राहिली. खोकी भरायचीही घाई झाली. २२ नगांची टोकं वाटेत तुटली, त्यांचे पैसे कापले गेले. २७८ नगांचे ३६१४ रुपये आले, तेही जानेवारी सरताना. खर्च ७५० वजा जाता २८६४ उरले. तासाला साधारण ३८ रुपये पडले. फार नाहीत. पण अठरा नाहीत, आणि एकाही पोराची झोप त्यात गेली नाही.

मावशींनी घरात झाड लावलेलं नाही आणि लावायची काही गरजही नाही. त्यांचं म्हणणं अजून तेच आहे, तो आपला सण नाही. पण चिमण्यांचे डोळे काळ्या रंगाने आखायची वेळ आली, तेव्हा कुणाचाच हात स्थिर पडेना. मावशी उठल्या, कुंचला घेतला, आणि एका बैठकीत साठ डोळे आखून मोकळ्या झाल्या.

तुमच्या घरी पोरं झाड मागत असतील तर प्लास्टिकचं विकत आणायची गरज नाही. स्ट्रासबुर्गच्या लोकांनी लावली तशी कागदाची फुलं आणि बोरं-पेरू टांगा, अंगणातल्या कुंडीतल्या झाडालाच. मेणबत्ती मात्र झाडावर लावू नका.

आणि गटाकडे असं काही काम आलं, तर हो म्हणायच्या आधी वही उघडा. नगाचा भाव ऐकू नका, तासाचा भाव काढा. रात्री कोण बसणार आहे, ते विचारा. माल तुटला तर कुणाचा, ते आधी लिहून घ्या. लाउशाच्या बायकांना हे विचारायला गट नव्हता. आपल्याला आहे.

यंदा आम्ही लगदा ऑक्टोबरातच घालणार आहोत. तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर बैठकीला या. नमस्कार.